जोर आला, माप आलं का? धाराशिवच्या गॅरेजमधल्या हवेचा इतिहास

मंडळी, पोस्ट मोठी आहे. गॅरेजवाल्या मित्रांसाठी लिहिली आहे, पण ज्यांच्या दारात चारचाकी उभी आहे त्यांनीही शेवटपर्यंत वाचा. प्रश्न तुमच्याच गाडीच्या चाकाचा आहे.

उमरगा, तुळजापूर, कळंब, परंडा, कुठल्याही मेकॅनिकशी बोलताना आजकाल एक विषय निघतोच. "छोटी इम्पॅक्ट घ्यायचीय, कोणती घेऊ?" छोटी इम्पॅक्ट म्हणजे हातात मावणारी, हवेवर चालणारी नट खोलायची गन. खोक्यावर लिहिलेलं असतं 'कॉम्पॅक्ट एअर इम्पॅक्ट रेंच'. आणि या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण एकाच आकड्यावर देतात: ज्या गनची ताकद जास्त, ती घे.

मला वाटतं हे उत्तर अर्धवट आहे. का, ते समजायला आपल्याच जिल्ह्याचा जरा मागचा इतिहास बघावा लागतो. आपल्याकडे चाक फार जुनं आहे. दाबलेली हवाही काही कालची नाही. पण जेव्हा जेव्हा आपल्याकडे जोर आला, तेव्हा त्याच्यासोबत माप आलं का, हा प्रश्न आपण फारसा विचारला नाही.

तेरची गाडी आणि लोहाराचं माप

आपल्या जिल्ह्यातल्या गाड्यांचा उल्लेख जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. 'पेरिप्लस' नावाचा पहिल्या शतकातला ग्रीक भाषेतला ग्रंथ आहे, दर्यावर्दी व्यापाऱ्यांसाठी लिहिलेला. त्यात पैठण आणि तगर या दोन बाजारपेठा येतात. तगर म्हणजे आपलं तेर. तिथला माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचच्या बंदरापर्यंत जायचा असं त्यात सांगितलंय. म्हणजे खराब रस्ते आणि लांबचा पल्ला ही आपली तक्रारही तेवढीच जुनी!

बैलगाडीचं चाक कसं बांधायचे ते जुन्या माणसांना विचारा. सुतार तुंबा, आरे आणि वरचा लाकडी घेर जोडायचा. मग लोहार त्यावर लोखंडी धाव चढवायचा. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवायची, लाल होईपर्यंत तापवायची म्हणजे ती फुगते, पटकन चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की सगळं चाक आवळून घट्ट.

आता यातली खुबी बघा. धाव 'किंचित' लहान म्हणजे किती? फार लहान केली तर आकसताना आरे मोडतात, चाक वाकडं होतं. कमी लहान केली तर चार महिन्यांत ढिली होऊन निसटते. लोहाराच्या हातोड्यात जोर होताच, पण गावात नाव व्हायचं ते त्याच्या मापामुळं. घट्ट म्हणजे किती घट्ट, हे कळणं हीच त्याची विद्या होती.

हवेचा जोर आला तो डोंगर फोडायला

दाबलेल्या हवेवर मोठी कामं करायची सुरुवात युरोपात झाली. फ्रान्स आणि इटलीच्या मधल्या आल्प्स पर्वतात फ्रेजुसचा रेल्वे बोगदा खणायला घेतला तेव्हा आधी सगळं हातानंच चालू होतं. 1861 पासून तिथं हवेवर चालणारी छिद्रं पाडायची यंत्रं लागली आणि 1871 मध्ये बोगदा सुरूही झाला.

नेमक्या त्याच काळात, 1856 ते 1863, आपल्या बोरघाटात रेल्वे चढवायचं काम चालू होतं. 25 बोगदे, काळा बसाल्ट खडक, आणि हत्यार काय? पहार, घण आणि सुरुंगाची दारू. ऐन भरात या कामावर 40,000 च्या वर माणसं होती. पटकी आणि तापानं हजारो मेली. खडक आल्प्समध्येही होता आणि सह्याद्रीतही होता, पण तिथं यंत्र गेलं आणि इथं माणूस. मजूर स्वस्त असला की यंत्र उशिरा येतं. हा नियम पुढं आपल्या गॅरेजांपर्यंत लागू पडतो.

आपल्या भागात लोखंडी चाक फिरवलं ते बार्शी लाइट रेल्वेनं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरची ही अडीच फुटी गाडी. 1897 ला कुर्डूवाडी ते बार्शी सुरू झाली, मग तडवळ्याकडं सरकली आणि 1911 ला लातूरला पोचली. येडशी, तडवळे, ढोकी ही आपली स्टेशनं. या गाडीबद्दल लोक आजही प्रेमानं बोलतात, पण तिची खरी करामत थोड्यांना माहीत आहे. कॅलथ्रॉपनं ठरवलं की गाडीतल्या प्रत्येक आसावर 5 टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही आणि सगळ्या आसांवर ते सारखं वाटायचं. त्यामुळं हलके, स्वस्त रूळही पुरले. मोठं इंजिन आणून जोर वाढवण्यापेक्षा त्यानं वजनाचं माप धरलं आणि दुष्काळी मुलखात रेल्वे परवडवून दाखवली. ती लाइन ब्रॉडगेज व्हायला पुढं जवळजवळ 100 वर्षं लागली.

निजामाची बस, एसटी आणि पाइप लावलेला पाना

आपण तेव्हा हैदराबाद संस्थानात. निजामाच्या रेल्वे खात्यानं 1932 ला स्वतःची मोटार सेवा काढली, सुरुवात 27 बस आणि 166 कर्मचाऱ्यांनी. सरकारी बससेवेचा देशातला हा अगदी पहिल्या प्रयोगांपैकी एक. इकडं मुंबई राज्यात 1 जून 1948 ला पुणे–अहमदनगर पहिली एसटी धावली तेव्हा आपण अजून निजामाच्याच ताब्यात होतो. साडेतीन महिन्यांनी, 17 सप्टेंबरला, सुटलो. 1956 ला राज्यांची फेररचना झाली आणि मराठवाड्याची बससेवाही मुंबई राज्याकडं गेली. आज धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा असे आगार आपल्याला माहीत आहेत.

त्या काळच्या मेकॅनिकला आपल्याकडं 'उस्ताद' किंवा 'मिस्त्री' म्हणायचे. हैदराबादी वळण. त्याच्या हाताखाली पोरं. चाकाचा नट गंजून बसला की काय करायचं? पान्याच्या दांड्यात हातभर लांब पाइप घालायचा आणि त्यावर उभं राहायचं. तरी नाही हलला तर पान्यावर घण घालायचा.

हा घण लक्षात ठेवा. पुढं कामाला येणार आहे.

त्याच वेळी रस्त्यावर जीप आल्या. जुन्या विलीस जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असायचे. चाक पुढं फिरताना नट सैल होऊ नये म्हणून. म्हणजे डावीकडचा नट खोलायचा तर उलटा फिरवायचा. नवख्या पोरानं नेहमीच्या बाजूनं जोर लावला की स्टड कटकन तुटायचा आणि उस्तादाची चापट बसायची. जोर लावायच्या आधी गाडी ओळखायची, हा धडा असा मिळायचा.

हवा आली विहिरीत

आपल्या जिल्ह्यात काँप्रेसर गावागावात पोचला तो गॅरेजसाठी नव्हे, पाण्यासाठी. 1972 चा दुष्काळ. रोजगाराच्या कामांवर माणसं हातोड्यानं खडी फोडत होती, पाझर तलाव खोदत होती. तिथं यंत्र लावायचंच नव्हतं, कारण हाताला काम द्यायचं होतं. पण पिण्याच्या पाण्याचं तसं चालणार नव्हतं. काळ्या खडकात खोल जायला हवेवर चालणारी बोअरची यंत्रं आणावी लागली. त्याच 1972 मध्ये राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. बोअरवर बसवायचा हातपंपही आपल्या शेजारचाच. जगभर गेलेला 'इंडिया मार्क टू' हातपंप सोलापुरात घडलेल्या पंपावरून पुढं विकसित झाला.

मग ट्रॅक्टरवर बसवलेले काँप्रेसर आले. विहिरीचं ब्लास्टिंग करायला खडकात छिद्रं पाडायची ती हवेच्या ड्रिलनं. पुण्यात हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिक 1958 पासून, कोइम्बतूरला एल्जी 1960 पासून. देशातच काँप्रेसर बनायला लागले म्हणून ते आपल्यापर्यंत पोचले. पुढं तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या रिग गाड्या मराठवाड्यात फिरू लागल्या. या रिगवरचा काँप्रेसर मिनिटाला 1000 घनफुटांच्या वर हवा देतो, दाब 300 पीएसआयच्या पुढं. खाली, जमिनीच्या पोटात, ही हवा एका हातोड्याला टोले मारायला लावते आणि वरून दांडा फिरत राहतो. टोला आणि फेरा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. 200 फूट, 400 फूट, 700 फूट. जोर होता म्हणून खाली जात राहिलो. पाणी किती आहे, दर वर्षी किती मुरतं, याचं माप कुणी धरलं नाही. 2009 च्या भूजल कायद्यानं शेतीच्या बोअरला 60 मीटरची, म्हणजे सुमारे 200 फुटांची मर्यादा सांगितली. ती शिवारात किती पाळली गेली ते आपापल्या गावात बघा. 2016 ला शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

विहिरीचं उदाहरण मुद्दाम लांबवलं. कारण आता गॅरेजमध्ये जी छोटी गन आली आहे ती याच यंत्राची धाकटी बहीण आहे. तिच्यातही टोला आणि फेराच आहे, आणि धोकाही तोच आहे.

पंक्चरच्या टपरीतून गॅरेजमध्ये

रस्त्यावरची हवा आधी पंक्चरवाल्याकडं आली. सोलापूर–हैदराबाद रोडला नळदुर्ग, जळकोट, येणेगूर, उमरगा या पट्ट्यात ट्रकचं टायर काढणं हा मोठा धंदा. केरळहून आलेल्या टायरवाल्यांच्या पाट्या अनेकांनी बघितल्या असतील. लोडशेडिंगच्या वर्षांत, म्हणजे साधारण 2005 ते 2012, दिवसातले कित्येक तास वीज नसायची. तेव्हा ज्याच्याकडं डिझेल इंजिनवरचा काँप्रेसर, त्याचाच धंदा चालायचा. वीज नसेल तर हवाही नाही, म्हणून गॅरेजवाला हातपान्यालाच चिकटून राहिला.

मग दोन गोष्टी बदलल्या. वीज बरी झाली आणि रस्ते बदलले. सोलापूर–येडशी सुमारे 98 किलोमीटर आणि येडशी–औरंगाबाद सुमारे 189 किलोमीटर चौपदरी झाले. काळी-पिवळी जीपच्या जागी घरोघरी कार आली. पूर्वी 50 च्या वेगानं जाणारा माणूस आता 100 नं जातो. 100 च्या वेगाला लहान कारचं चाक सेकंदाला सुमारे 15 फेरे घेतं. त्या चाकाला धरून असतात ते फक्त चार किंवा पाच नट.

गन करते काय?

हवेची इम्पॅक्ट गन 1930 च्या दशकात अमेरिकेत आली. रॉबर्ट पॉट यांची कल्पना होती, इंगरसोल-रँड कंपनीनं ती बाजारात आणली. आत हवेवर फिरणारी छोटी मोटर असते. ती सरळ नट फिरवत नाही. ती एक जड हातोडा फिरवते, आणि तो हातोडा फिरता फिरता गोटीच्या दांड्यावर टोले मारतो. म्हणजे उस्ताद पान्यावर घण घालायचा तेच, फक्त सेकंदाला कितीतरी वेळा. टोल्यानं नट सुटतो आणि झटका आपल्या मनगटाला बसत नाही. म्हणूनच सव्वा किलोची गनसुद्धा पहिलवानाचं काम करते.

आता जरा हिशोब मांडू. कारच्या चाकाचा नट साधारण 85 ते 120 न्यूटन-मीटर एवढाच आवळायचा असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. गाडीबरोबर येणारा व्हील पाना 25 सेंटिमीटरचा धरा. त्यावर 40 किलोचा जोर दिला की होतात सुमारे 98 न्यूटन-मीटर. कंपनीनं पान्याची लांबी उगाच ठेवलेली नाही. साध्या माणसाच्या हाताला साजेसं माप त्या पान्यातच आहे.

तोच जोर एक मीटर पाइप लावून दिला तर 390 च्या वर. आणि छोट्या गनच्या खोक्यावर आकडा असतो 500, 600 किंवा त्याहून जास्त.

समजा गॅरेजमधल्या पोरानं गन दाबून धरली आणि नट 400 वर आवळला. दोन महिन्यांनी रात्री येडशीच्या घाटात गाडी पंक्चर झाली. गाडीत बायको-पोरं, हातात कंपनीचा 25 सेंटिमीटरचा पाना. तो नट हलवायला पान्यावर सुमारे 160 किलो वजन पाहिजे. दोन धडधाकट माणसं एकदम उभी राहिली तर सुटेल! स्टेपनी आहे, जॅक आहे, सगळं आहे, तरी चाक निघत नाही. आणि हे त्यातल्या त्यात बरं. वाईट म्हणजे स्टड ताणून अर्धमेला होतो आणि नंतर कधीतरी चालत्या गाडीत तुटतो. ब्रेकची डिस्क वाकते आणि ब्रेक दाबला की पाय थरथरतो. अलॉय व्हीलची नटाची बैठक खराब होते.

मग घ्यायची कोणती?

गन घेऊ नका असं मी म्हणत नाही. घ्याच. पाइपवर उभं राहून किती उस्तादांच्या कमरा गेल्या ते आपण बघतोय. फक्त घेताना हे बघा.

1) लांबी आणि वजन. छोट्या गनचा खरा उपयोग चाकापेक्षा आत असतो. सस्पेन्शनचे बोल्ट, इंजिनच्या पुढची अडचण, जिथं मोठी गन शिरतच नाही. 10 ते 12 सेंटिमीटर लांब आणि सव्वा किलोच्या आसपास गन कारच्या कामाला बरी. अर्धा इंच ड्राइव्ह घ्या, गोट्या सगळीकडं मिळतात.

2) ताकदीचा आकडा नीट वाचा. काही खोक्यांवर फूट-पाउंड असतं, काहींवर न्यूटन-मीटर. 500 फूट-पाउंड म्हणजे 678 न्यूटन-मीटर, आकडा मोठा दिसला म्हणून गन मोठी नसते. शिवाय छापलेला आकडा बहुधा खोलतानाचा कमाल असतो. कारच्या कामाला 500–600 न्यूटन-मीटर खोलायची ताकद भरपूर झाली. ट्रक-ट्रॅक्टरच्या चाकाला छोटी गन घेऊच नका, त्याला मोठी लागते.

3) आवळायच्या बाजूला टप्पे आहेत का? चांगल्या गनला पुढं फिरताना जोर कमी-जास्त करायची दोन-तीन सेटिंग असतात. घोडा हळू दाबला तर हळू फिरते का, तेही दुकानात चालवून बघा. माझ्या मते ताकदीच्या आकड्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

4) आपला काँप्रेसर आधी बघा. खोक्यावर हवेची गरज 4–5 सीएफएम लिहिलेली असते. ती सरासरी असते, अधूनमधून दाबायची धरून. सलग दाबून धरली तर 20 च्या आसपास लागते. 3 एचपीचा काँप्रेसर देतो साधारण 10–12. बाकीची हवा टाकीतून येते. 150 लिटरची टाकी 120 पीएसआयला भरली आणि 90 पर्यंत उतरू दिली तर सुमारे 11 घनफूट हवा मिळते, म्हणजे सलग अर्ध्या मिनिटाचं काम. एका नटाला तीन ते पाच सेकंद धरले तर सहा ते दहा नट, दीड-दोन चाकं. मधे काँप्रेसर भरत राहतो, म्हणून एका गाडीचं काम होतं. दोन पोरांनी दोन गन एकदम चालवल्या की दोन्ही गन मरगळतात आणि मग दोष गनला!

5) पाइप. गनला 90 पीएसआय लागतं ते गनच्या तोंडाशी, घोडा दाबलेला असताना. टाकीवरच्या घड्याळात 120 दिसतंय म्हणून गनला तेवढं मिळत नाही. पंक्चरवाल्याचा बारीक गुंडाळी पाइप हवा भरायला ठीक, गनला आतून 10 मिलिमीटरचा पाइप पाहिजे आणि कपलिंगही तसंच. कित्येक वेळा नवी गन घ्यायची गरजच नसते, पाइप बदलला की जुनीच धावते.

6) पाणी आणि तेल. टाकीत पाणी साठतं. रोज संध्याकाळी खालचा कॉक उघडून काढा, नाहीतर ते गनमध्ये जाऊन आतल्या पात्या आणि बेअरिंग खातं. लाइनला फिल्टर लावा, सकाळी गनमध्ये एअर टूलच्या तेलाचे दोन-चार थेंब टाका. पाणी साठून टाकीचा पत्राही आतून गंजतो. गंजकी टाकी म्हणजे गॅरेजमध्ये ठेवलेला बॉम्ब. सेफ्टी व्हॉल्व्ह कधी बांधून ठेवू नका.

7) गोट्या. चकचकीत क्रोमच्या गोट्या हातपान्यासाठी. गनच्या टोल्यानं त्या फुटतात आणि तुकडा डोळ्यात जातो. काळ्या इम्पॅक्ट गोट्याच वापरा, चष्मा लावा. कानाचंही बघा. 85 डेसिबलला 8 तास चालतं, पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 94 ला फक्त एक तास. गनचा आवाज यापेक्षाही वर जातो. दहा-वीस रुपयांच्या कानातल्या बुचांनी म्हातारपण सुधारतं.

8) सुटे भाग. पात्या, बेअरिंग सोलापूर-लातूरला मिळतात का ते आधी विचारा. हवेच्या गनचा हाच फायदा, ती आपल्याकडं खोलून दुरुस्त होते. बॅटरीवाली गन रस्त्यावर जाऊन काम करणाऱ्याला बरी, पण बॅटरी मेली की खर्च मोठा.

आणि सगळ्यात शेवटी, पण गनच्या आधी: टॉर्क पाना. ठरवलेल्या मापाला 'कट' वाजणारा साधा क्लिकवाला पाना चांगल्या गनपेक्षा बराच स्वस्त मिळतो. पद्धत सोपी आहे. नट आधी हातानं दोन-तीन आटे बसवायचा. मग गननं हलका, समोरासमोरचे नट घेत. मग गाडी खाली उतरवून टॉर्क पान्यानं शेवटचं माप. गिऱ्हाइकाला सांगायचं, 50–100 किलोमीटरनंतर एकदा दाखवून जा. गननं खोला, पान्यानं आवळा. बस.

आता सरकारचं आणि आपलं

केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. दिवस आपल्या मुक्तिसंग्रामाचा. त्यात 18 व्यवसाय आहेत आणि हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. लोहार आहे, सुतार आहे, कुलपं बनवणारा आहे. चांगलंच आहे. पण मोटार मेकॅनिक त्या यादीत नाही. बैलगाडीची धाव चढवणाऱ्या लोहाराला हत्यार मिळतं, आणि त्याच लोहाराचा नातू आज गॅरेजमध्ये तुमच्या कारचं चाक आवळतो, त्याला मिळत नाही. चाक तेच, घराणं तेच, फक्त धाव गेली आणि टायर आलं. आपला जिल्हा देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. मग आपल्या लोकप्रतिनिधींनी एवढी एक मागणी लावून धरायला काय हरकत आहे? यादीत मेकॅनिक घ्या, आणि त्याच्या हत्यारांच्या पेटीत टॉर्क पाना सक्तीचा करा.

दुसरं काम आयटीआयचं. मोटार मेकॅनिकच्या पोरांना गन कशी चालवायची हे तर शिकवाच, पण थांबायचं कुठं हेही हातावर बसवून घ्या. आपापल्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये जाऊन नुसतं विचारा, टॉर्क पाने किती आहेत आणि पोरांच्या हातात ते किती येतात. नागरिकांनी विचारायला लागलं की हालचाल होते.

तिसरं काम आपलं, गिऱ्हाइकाचं. चाक बसवून झालं की मेकॅनिकला विचारा, "भाऊ, टॉर्क पान्यानं बघितलं का?" सुरुवातीला तो हसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की पाना विकत आणेल. दहा-वीस रुपये जास्त मागितले तर द्या. आपण हवा फुकट मागतो, घाई करतो, "दोन मिनिटात कर रे" म्हणतो. मग तोही दोन मिनिटात गन दाबून मोकळा होतो.

नवरात्रात तुळजापूरला येणाऱ्या गाड्यांची रांग आठवा. ऊसतोडीच्या हंगामातले रस्ते आठवा. या सगळ्या चाकांचे नट आपल्याच पोरांच्या हातून आवळले जातात. त्यांच्या हातात जोर द्यायला बाजार बसलेलाच आहे. माप द्यायचं काम मात्र बाजार करणार नाही, ते आपल्याला मिळूनच करावं लागेल.

गॅरेजवाल्या मित्रांनो, तुम्ही कोणती गन वापरता, किती वर्षं टिकली, पाइप किती मिलिमीटरचा आहे, खाली लिहा. नव्यानं घेणाऱ्याला उपयोग होईल. आणि ज्यांच्या गॅरेजमध्ये टॉर्क पाना आहे त्यांनी गावाचं नाव जरूर टाका. निदान आपल्याला कळेल तरी, माप कुठं कुठं पोचलंय.